मॅडमच्या गाडीचं तेलपाणी

शेवटची भेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात झाली. वनमाला मॅडम खाटेवर, नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन... आणि मी स्टुलावर. नर्सची नोकरी केली, आयुष्यभर उभ्यानं पेशंट पाहिले, त्यामुळे असं बसून पाहणं मला काही जमेना. मॅडमची नजर माझ्याकडं नव्हतीच, ती सलाईनच्या बाटलीवर. थोड्या वेळानं नळी बाजूला सारून म्हणते कशी, "सिस्टर, लेव्हल खाली गेली वो. त्या पोरीले सांग, टॉप-अप करून दे म्हणा." मी म्हटलं, "मॅडम, हे सलाईन होय, इंजिन ऑइल नाही. हे संपलंच पाहिजे." त्यावर हसली. खोकला आला तरी हसत राहिली, मग तिथल्या पोरीनं आम्हा दोघींनाही दटावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवलेलं असताना तिच्या सुनेचा, अश्विनीचा फोन आला. "मावशी..." एवढंच म्हणाली ती. मी गॅस बंद केला. मग परत लावला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

आमची घरं पवनीला एकाच भिंतीची. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मॅडम. शेजार जमला तेव्हा एकमेकींना हुद्द्यानंच हाक मारायचो, पुढं अगंतुगंवर आलो तरी हुद्दे सुटले नाहीत. "सिस्टर, येतेस का?" आणि "मॅडम, डोकं नको खाऊ," असं आमचं चालायचं. तिच्या घरचे गौरी-गणपती, माझ्या घरची बुद्धपौर्णिमा, खीर मात्र दोन्हीकडं एकाच पातेल्यात व्हायची, कारण मोठं पातेलं तिच्याकडंच होतं. मॅडमच्या शाळा सगळ्या लाखांदूरच्या बाजूला, आडगावी. नोकरीभर ती एसटीच्या मागच्या सीटवर बसली, दूधवाल्याच्या मोटारसायकलवर कॅनच्या मधात बसली, नवऱ्याच्या स्कूटरवर बसली. "सिस्टर, मी जलमभर कोणाच्या ना कोणाच्या मांगंच बसून राह्यली," असं म्हणायची. रिटायर झाली, त्याच वर्षी तिचा नवरा, आमचे सर, अचानक गेले. घरच्यांना वाटलं, आता ही देवदेव करेल. हिनं जाऊन वांग्याच्या रंगाची छोटी गाडी बुक केली.

शिकली कशी, ते मी सांगत नाही, शिकवणाऱ्या माणसाला अजून पवनीत राहायचं आहे. पण शिकली. आणि पहिल्या दिवसापासून बाजूच्या सीटवर मी. मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. मी खिडकीतून धानाची शेतं पाहायची, शिंगाडे विकणाऱ्या बाया दिसल्या की "थांब" म्हणायची, एवढंच माझं काम. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दिघोरीला तिच्या भावाकडं निघालो होतो. चालवता चालवता मॅडम म्हणाली, "समोर झारीचं चित्र लागलं वो, लाल." मीही पाहिलं. छोटीशी झारी, तोटीतून थेंब पडतो आहे. दोघींनी मिळून विचार केला आणि ठरवलं की काच धुवायचं पाणी संपलं असणार. मॅडमनं गाडी थांबवून काचेच्या टाकीत बाटलीभर पाणी ओतलं. झारी काही विझेना. "विझंल थोड्या वेळानं," म्हणून आम्ही तशाच पुढं. पुढच्या फाट्याजवळ गाडीनं असा काही आवाज काढला की मला ऑपरेशन थिएटरमधली जुनी मशीन आठवली, आणि मग ती गप्पच झाली. ती झारी पाण्याची नव्हे, इंजिनच्या तेलाची होती. तेल पार तळाला गेलं होतं.

तिथं सावलीला एक मोहाचं झाड होतं, त्याखाली आम्ही बसलो. मॅडमनं मुलाला, नितीनला पुण्याला फोन लावला. नितीन एकुलता एक, तिकडं मोठ्या कंपनीत. बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि आई रस्त्यावर भर उन्हात अडकलेली. त्यानं चार ठिकाणी फोन करून ट्रॅक्टर पाठवला, मिस्त्री पाठवला, सगळं केलं. पण संध्याकाळी फोनवर त्यानं जे सांगितलं ते भिंतीच्या अलीकडं मलाही ऐकू आलं, कारण मॅडमचा फोन कायम स्पीकरवर. "आई, यापुढं गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर मी येईन आणि विकून टाकेन. मग एसटीनं फिर." मॅडमनं वाद घातला नाही. "हौ," म्हणाली. ती वाद न घालता हौ म्हणाली की मला धडकीच भरायची.

तिथून पुढं मॅडमचं तेलपाणी सुरू झालं. दर रविवारी सकाळी, ऊन तापायच्या आधी, गाडी अंगणात सपाट जागेवर. बोनेट वर. आधी ऑइलची पट्टी उपसायची, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यानं पुसायची, परत आत घालायची, मग पुन्हा उपसून उजेडात आडवी धरायची. पट्टीवर दोन खुणा, तेल त्यांच्या मधात पाहिजे. ते बोटावर घेऊन ती चोळून पाहायची, भज्यांचं तेल किती वेळा तापलं ते बाया पाहतात तसं. "हे पाह्य, अजून मधासारखं आहे. काळं झालं की बदलाचं." त्यानंतर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पांढरी टाकी, त्यानंतर ब्रेक ऑइलची डबी. ब्रेक ऑइल खाली गेलं म्हणजे नुसतं भरून देऊन चालत नाही, ब्रेक झिजले का ते पाहायचं, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मी एकदा चिडून म्हटलं, "मले पुढच्या जन्मी मिस्त्रीच व्हायचं आहे, तेव्हा सांग." तिच्या मते तेल जास्त भरणं हाही गुन्हाच. कोणी प्रेमानं जास्त ओतायला लागलं की हात धरायची. "पोटापेक्षा जास्त खाऊ घालू नये, बाप्पा. इंजिनले बी नाही."

आणि हिचं स्वतःचं बीपी? ते पाहायला बाईला वेळ नाही. गोळ्या संपल्या तरी दुकानात जायची नाही, कूलंट मात्र आठवड्याआधीच आणून ठेवणार. शेवटी मी वैतागून माझं बीपीचं यंत्र रविवारी अंगणातच घेऊन जायला लागले. गाडीचं झालं की हिला ओट्यावर बसवायची आणि दंडाला पट्टा गुंडाळायची. "काय म्हणते?" "खुणेच्या वर आहे." "मंग कमी कर." "मीठ कमी कर, मीठ!" असं भांडण झालं की चहा. चहात साखर किती घालायची, याचं वेगळं भांडण.

सगळ्यात मोठं संकट आलं ते दसऱ्याला. नितीन आणि अश्विनी लग्नानंतर पहिल्यांदाच दसऱ्याला पवनीला आले होते. अश्विनी पुण्याची, बोलायला गोड, पण सासूला जरा घाबरून असायची. सकाळी मॅडमनं गाडी धुतली, पूजेच्या आधी तिचं पोट भरलेलं असावं म्हणून इंजिनच्या तोंडाचं झाकण काढून थोडं तेल ओतलं, आणि झाकण बाजूला ठेवून हात धुवायला आत गेली. तेवढ्यात अश्विनी पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. बोनेट उघडं, इंजिनला तोंड उघडं... तिला वाटलं, विदर्भात अशीच पद्धत असेल. तिनं इंजिनला हळदकुंकू वाहिलं, आणि चांगली मूठभर अक्षत त्या तोंडात सोडली. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. पांढरी साडी नेसून मी विहारात निघालेली, आमचाही तो मोठाच दिवस. मी ओरडले, पण तोवर अक्षता आत.

मॅडम बाहेर आली, तिनं त्या तोंडात वाकून पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसली. अश्विनी रडायलाच लागली. "मला वाटलं इथं असंच करतात." मॅडमनं सुनेचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाली, "रडू नको. तुह्या नवऱ्याले कळलं नाही पाह्यजे, बस." कारण चालू केली तर गाडी कुठं बंद पडेल याचा नेम नव्हता, आणि बंद पडली की ती विकलीच. मी मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री म्हणाला, "सिस्टर, आज दसरा. पान्हे, स्क्रू ड्रायव्हर सगळे पूजेले मांडले. आज हत्यार उचलता येत नाही, उद्या सकाळी येतो." तेही खरंच. त्या दिवशी पवनीत एकाही मिस्त्रीनं पान्हा उचलला नसता.

आता उद्या सकाळपर्यंत नितीनला गाडीपासून दूर कसं ठेवायचं? त्याला तर संध्याकाळी दिघोरीला मामाकडं सोनं द्यायला जायचं होतं. चावी मागायला आला तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाली, "आज पूजा झाली ना, आज गाडी हलवाची नाही. आपल्याकडं तशीच रीत आहे." घरासमोरून हार घातलेल्या मोटारसायकली, ट्रॅक्टर, ऑटो एकामागून एक चाललेले. नितीन म्हणाला, "मग हे सगळे?" मॅडम म्हणाली, "ते आजकालचे आहेत." त्यानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पेशंटच्या नातेवाइकांना मी बरंच काही सांगितलं आहे, त्यामुळे मला जड गेलं नाही. मी म्हटलं, "बेडरेस्ट सांगितला की हलवायचं नसतं, नितीन." बिचारा एसटीनं दिघोरीला गेला, आणि परतायला गाडी नाही म्हणून मामानं त्याला तिथंच ठेवून घेतलं. आमच्या तिघींचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्री हजर. त्यानं खालून तेल सोडलं, ते मॅडमच्या चहाच्या गाळणीतून गाळलं. वरचं झाकण खोललं आणि कोपऱ्यात अडकलेले दाणे वेचायला त्याची बोटं पोचेनात, तेव्हा मी घरातून माझा जुना दवाखान्यातला चिमटा आणला. एक एक दाणा उपसत तो म्हणाला, "तेल झालं, तांदूळ झाले, हळद झाली... मॅडम, गॅस तेवढा लावाचा राह्यला होता." अश्विनी आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली ती तेव्हा. नवं तेल भरून गाडी सुरू झाली तेव्हा नितीन यायला अजून वेळ होता, आणि सासू-सुनेची त्या सकाळी जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली. पुढं दर रविवारी अश्विनीचा व्हिडिओ कॉल यायचा. मॅडम तिला फोनवर ऑइलची पट्टी दाखवायची आणि ती पुण्यात बसून "मधात आहे, आई" असं सांगायची. नितीनला वाटायचं, दोघी स्वयंपाकाचं बोलतात.

सवय अशी लागली की मॅडम दुसऱ्यांच्याही गाड्यांखाली वाकून पाहायला लागली. माझ्या भाचीसाठी एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगा चांगला, घर चांगलं, पोहे तर फारच चांगले. परत निघताना ही बाई त्यांच्या गाडीसमोर उकिडवी बसली. "तेल गळून राह्यलं. खाली डाग पाह्य किती जुना आहे. ज्या घरात हे कोणाले दिसत नाही, तिथं पोरगी कायले द्याची?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न तिथंच झालं, भाची सुखात आहे. मॅडमनं आहेर म्हणून इंजिन ऑइलचा डबा दिला, आणि जावयानं तो मुकाट्यानं वापरला.

त्या पहिल्या उन्हाळ्यानंतर गाडी रस्त्यात कधीच बंद पडली नाही. भंडारा, नागपूर, लाखांदूर, उन्हातान्हात, पुलावरून पाणी वाहत असताना अलीकडं थांबून... कुठंच नाही. आजारी पडायच्या आधी तिनं मला एका लग्नाला नेऊन आणलं होतं. येताना दम लागत होता, पण स्टिअरिंग सोडलं नाही. मी रागावले, तर म्हणाली, "सिस्टर, आता मले मांगं बसवू नको." पुढच्या आठवड्यात दवाखाना, आणि मग ते स्टूल, ती सलाईनची बाटली. मला तिचा राग येतो अजूनही. इतक्या गोष्टींची लेव्हल पाहणाऱ्या बाईनं स्वतःच्या गोळ्यांची पाहिली नाही. आणि राग आला की आठवण येते, आठवण आली की हसू येतं, असा सगळा गोंधळ चालला आहे माझा.

तेरवी झाली. पाहुणे गेले. अश्विनी शाळेसाठी आधी पुण्याला परतली, ती शिकवते. नितीन घराची आवराआवर करायला राहिला. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "मावशी, गाडी विकतोय. नागपूरला एकजण तयार आहे. इथं पडून गंजण्यापेक्षा..." त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. मला चालवता येत नाही, तो पुण्यात राहतो. पण मॅडमनं इतकी वर्षं जी राखली, ती तेरवीनंतर महिनाभरही टिकू नये, याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. सकाळी तो गाडी घेऊन निघाला. मी घरातच राहिले. आवाज ऐकू आला, तेवढा पुरे झाला.

दुपारी त्याचा फोन. भंडाऱ्याला कागदपत्रांचं काम आटोपून नागपूरला निघाला होता, शहापूरच्या पुढं हायवेवर. "मावशी, गाडी बंद पडली. गरमीचा काटा पार वर गेला आणि धूर निघतोय."

"धूर नाही, वाफ असेल," मी म्हटलं. "कूलंट संपलं, मॅडम दवाखान्यात गेल्यापासून कोणी पाह्यलंच नाही. झाकणाला हात लावला का?"

"लावणारच होतो."

"लावू नको. अजिबात लावू नको, तोंडावर उडंल. बोनेट उघड अन् सावलीत जाऊन बस. निवू दे तिले. मग पांढरी टाकी पाह्य, दोन रेघा आहेत तिच्यावर. डिकीत डाव्या कोपऱ्यात कूलंटचा डबा असंल, तो सावकाश भरजो, वरच्या रेघेच्या वर नाही जाऊ द्यायचं. अन् कुठून गळते तेही पाह्यजो." बोलून झाल्यावर मीच चकित झाले. शिंगाडे पाहत बसलेल्या बाईला हे सगळं येत होतं.

"मावशी, किती वेळ लागेल निवायला?"

"लागंल तेवढा. तुले कुठं जायचं आहे?"

हायवेवरचे ट्रक जात असल्याचा आवाज येत होता. मग मी विचारलंच, "रस्त्यात बंद पडली की विकायची, अशीच अट होती ना तुझी?"

"अट आईसाठी होती," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर मला फोनचीच भीती वाटायची. मीटिंगमध्ये असलो आणि पवनीचा नंबर दिसला की उठून बाहेरच यायचो. आई त्या रस्त्यावर एकटी उभी आहे, हेच दिसायचं."

"एकटी काहून असंल? मी होते ना बाजूला."

यावर त्याला रडू आलं. मोठा माणूस, हायवेच्या कडेला. मी नर्स आहे, रडणाऱ्याला थांबवू नये हे मला माहीत आहे. थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग दसऱ्याची सगळी हकिगत सांगितली. मूठभर अक्षता, हळद, गाळणी, चिमटा, बेडरेस्ट... आधी त्याचा विश्वासच बसेना. मग इतका हसला की फोन हातातून पडला असावा. "म्हणजे मला एसटीनं पाठवलं ते यासाठी? आणि अश्विनीनं आजवर एक शब्द नाही?" एवढा मोकळा हसलेला नितीन मी त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. त्यानं मग आपणहून विचारायला सुरुवात केली. आई उन्हाळ्यात कुठं कुठं जायची, काय खायची, घाटात घाबरायची का, त्याच्याबद्दल काय बोलायची. मी सांगत गेले. मधेच म्हणाला, "नागपूरवाल्याला आत्ताच मेसेज टाकला, येत नाही म्हणून. अश्विनीनं परवाच लायसन्स काढलं, मला आज निघाल्यावर फोनवर सांगितलं. सुट्टीत इकडं येऊन चालवेन म्हणते. तुमी बाजूले बसजा."

"बसंन," मी म्हटलं. ऊन कलायला लागलं होतं. मला आठवलं, आपण बोलत बसलो आणि गाडी तिकडं उभीच आहे. "आता निवली असंल रे ती. हात लावून पाह्यला का?"

"नाही," तो म्हणाला. "तुमी बोलत राहा ना, मावशी."